सबवेतलं वळण

६ जानेवारी १९८६, सोमवार

रेल्वे दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "तुळसकर, तुमचं ब्लडप्रेशर तुमच्या जिभेत आहे. राग आला की बोलू नका, लिहून काढा." म्हणून ही डायरी. पहिल्याच दिवशी लिहायला रग्गड मिळालं.

विभागीय कचेरीतून पत्र आलं. आमच्या स्टेशनाखालच्या सबवेत गेल्या वर्षी चोरीच्या एकवीस तक्रारी. तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही तर दोन्ही तोंडांना विटांच्या भिंती घालून सबवे कायमचा बंद. सात एप्रिलला मोठे साहेब पाहणीला येणार, तेव्हा काय तो निकाल.

यांच्या बापाचं काय जातं बंद करायला! पूर्वेला कारखाने आणि बाजार, पश्चिमेला वस्ती आणि आमचे क्वार्टर्स. पूल आहे तो पार उत्तरेच्या टोकाला. एवढा वळसा कोण घालणार? लोक रुळांवरून जाणार. आणि रुळांवर माणूस गेलं की मेमो लिहायला स्टेशन मास्तर बसतो, म्हणजे मी. सबवे उघडला त्याच्या आदल्या वर्षी मी चौदा मेमो लिहिले. नाव कळलं नाही तर लिहायचं, 'स्त्री, वय अंदाजे पस्तीस, हिरवी साडी'. तसे मेमो मला पुन्हा लिहायचे नाहीत.

सबवे बंद होऊ देणार नाही. जयवंत तुळसकरने मनावर घेतलं की घेतलं.

९ जानेवारी, गुरुवार

कामाला लागलो. आधी सफाई. सबवे पश्चिमेकडून चाळीस पावलं सरळ जातो, मग जुनी पाण्याची पाइपलाइन चुकवायला काटकोनात वळतो आणि पुढे पूर्वेला निघतो. त्या वळणावर सुंदराबाई बसते. लाकडी खोक्यावर फण्या, पिना, रिबिनी, टिकल्यांची पाकिटं. तिच्या पलीकडे आणखी तिघं, लसूणवाली, कुलपं-किल्ल्यावाला आणि एक रुमालवाला. या लोकांपायीच गर्दी थबकते आणि थबकलेल्या गर्दीत चोराचं फावतं, हे शेंबडं पोरही सांगेल. चौघांनाही उठवलं.

बाकीचे कुरकुर करत गेले. सुंदराबाई जालन्याकडची, बोलायला ठणठणीत. खोकं डोक्यावर घेऊन म्हणाली, "उठते मी मास्तर. पण इथं बसून मी नुसत्या पिना इकत नव्हते." मग काय करत होतीस, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला राग आला होता.

संध्याकाळी चुना मारून घेतला. सबवे पांढराशुभ्र, आरपार मोकळा. झकास दिसतोय.

११ जानेवारी, शनिवार

बोर्ड रंगवला, स्वतःच्या हाताने. अक्षराच्या बाबतीत आपण कुणाला हार जात नाही. 'खिसेकापूंपासून सावध! आपले पाकीट व दागिने सांभाळा.' पिवळ्यावर काळी अक्षरं, पश्चिमेच्या जिन्यापाशी टांगला.

अर्धा तास उभा राहून परिणाम पाहिला. बोर्ड वाचला की प्रत्येकाचा हात आपोआप जातो. कुणाचा पाठच्या खिशाकडे, कुणाचा आतल्या खिशाकडे, बायकांचा पदराखाली गळ्याशी. म्हणजे लोक सावध झाले. समोरच्या भिंतीला टेकून दोघे जण माझ्याहूनही जास्त वेळ लोकांकडे बघत उभे होते. त्यांनाही बोर्ड पसंत पडला असावा.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आमच्या हिला, जानकीला, बाजारातून यायला उशीर झाला. तीळ आणायला गेली ती दिवे लागले तरी पत्ता नाही. आली तेव्हा दमलेली, आणि तीळ विसरून आली. गळ्यात मंगळसूत्र नाही, नुसता काळ्या मण्यांचा दोरा. विचारलं तर म्हणाली कडी तुटली, सोनाराकडे टाकलंय. मानेवर लाल वळ उठला होता. म्हणते घामोळं. जानेवारीत घामोळं! बायकांचं काही कळत नाही.

तिळगूळ शेजारच्या क्षमावहिनींनी दिला तो खाल्ला.

२२ जानेवारी, बुधवार

पंधरवड्याचा हिशेब. तक्रारींच्या वहीत एकच नोंद, छत्रीची. गेल्या जानेवारीत याच काळात चार होत्या. आहे की नाही? रेल्वे पोलिसातले हवालदार काशीराम यांना वही दाखवली. दोन स्टेशनं मिळून ते एकटेच, त्यामुळे बिचारे कायम घामाघूम. त्यांनी वही बघितली, मान खाजवली आणि विचारलं, "पण मास्तर, हल्ली सबवेत माणसंच कुठं दिसतात?"

मी म्हटलं, तेच तर. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. मोकळा श्वास घेता येतो.

संध्याकाळच्या गाड्या मात्र आमच्या हद्दीत फार भोंगे वाजवतात. मोटरमन लोकांना सवय लागली आहे. एकदा लेखी कळवायला हवं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सबवेतल्या बारा बल्बांपैकी आठ चोरीला. वळणावर तर मिट्ट काळोख. इलेक्ट्रिक फिटर भीमराजला बोलावून झापला. तो शांत पोरगा, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, लावतो. पण पूर्वी चोरीला जात नव्हते. सुंदरामावशी बसायची ना खाली." मी म्हटलं तू बल्ब लाव, कारणं लावू नकोस.

(शनिवारी सकाळी लिहितो: बल्ब पुन्हा गायब.)

५ फेब्रुवारी, बुधवार

क्षमावहिनींकडे हळदीकुंकू. सगळ्या क्वार्टर्सच्या बायका नटूनथटून गेल्या, जानकी गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. तीन आठवडे झाले, सोनाराने एक कडी लावून दिली नाही. मी म्हटलं उद्या जाऊन त्याची गचांडीच धरतो. तर ही घाबरीघुबरी झाली. "नको, नको. तुमी जाव नकात. तुमच्या डोक्यात राग जाता." माझा राग काय मला माहीत नाही? पण एवढं घाबरण्यासारखं त्यात काय आहे?

ही हल्ली बोलत नाही. घरी आलो की मी सबवेचं सांगतो, ती ऐकते. एकदा मी सांगितलं की वहीत महिनाभरात दोनच तक्रारी, तर उठून आत गेली. मला वाटलं होतं, तिला अभिमान वाटेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज काही लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला प्लॅटफॉर्मच्या दक्षिण टोकाला उभा होतो. भोंगा ऐकू आला, लांबलचक. बघतो तर वीसेक बायका रूळ ओलांडतायत. औषधाच्या कारखान्यातल्या पोरी, हातात चपला, साड्या वर धरलेल्या. आणि मध्ये जानकी. हातात भाजीची पिशवी. विरारकडची गाडी तिच्यापासून चार हातांवर. कारखान्यातल्या एका पोरीने, लता तिचं नाव, तिला दंडाला धरून ओढली. पिशवी रुळांवर पडली, गाडी वरून गेली.

पळत गेलो. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून! मला दिसत होतं ते एवढंच की मी टेबलाशी बसलोय आणि लिहितोय, 'स्त्री, वय अंदाजे पन्नास'. पुढे साडीचा रंग लिहायचा. ती निळी होती. सकाळी मीच म्हटलं होतं, छान दिसते.

घरी आणली. पाणी दिलं. मग तिने सांगितलं. संक्रांतीच्या दिवशी, सबवेत, वळणावर, काळोखात, कुणीतरी मागून मंगळसूत्र खेचून नेलं. मानेवरचा वळ त्याचा. ती ओरडली, पण ऐकायला कुणी नव्हतं. तेव्हापासून ती रुळांवरून जाते. नुसती ती नाही, सगळ्याच जातात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"काय सांगू?" ती म्हणाली. "रोज येऊन सांगत होतात, सबवे कसो झकास केलंय. वहीत तक्रार नाय. माझ्या तोंडान मी सांगू, तुमच्या सबवेत तुमच्याच बायलेक लुटल्यानी?"

रात्रभर झोप नाही. एकतीस वर्षांच्या संसारात मी हिला एकदा तरी विचारलं होतं का, की बाई, तुला त्या सबवेतून जाताना कसं वाटतं? नाही विचारलं. मी बोर्ड रंगवत होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. सकाळी जानकीला म्हटलं, चल, सबवेतून जाऊ आणि तू मला दाखव. आधी नको म्हणाली, मग आली.

जिन्यापाशी बोर्ड. तिने विचारलं, हा वाचून माणूस काय करतो? मी म्हटलं, हात खिशाला लावतो. "म्हणजे चोराक कळता, पाकीट खय आसा ता," ती म्हणाली. ते भिंतीला टेकलेले दोघे मला आठवले. हात्तिच्या! स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, चोरांना पत्ता लिहून दिला होता मी.

वळणापाशी ती थांबली. म्हणाली, काळोखाचं भय नाही, गावाकडे काय दिवे होते? भय या कोपऱ्याचं. पलीकडे कोण उभं आहे ते कळत नाही आणि पलीकडून येणाऱ्याला आपण दिसत नाही. पूर्वी इथे सुंदराबाई असायची. तिला दोन्ही बाजू दिसायच्या. एकटी बाई आली की हाक मारायची, "या ताई, पिना घ्या," आणि नजर मागच्या माणसावर. तिच्यासमोर कुणाची टाप नव्हती.

तेव्हा कळलं, पिना विकण्याशिवाय ती बाई काय करत होती. सगळ्या बायकांना माहीत होतं. भीमराजला माहीत होतं. एकट्या स्टेशन मास्तरला माहीत नव्हतं.

बोर्ड त्याच पावली उतरवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुंदराबाईच्या घरी गेलो, जोगेश्वरीला. ती धुणं वाळत घालत होती. बसा म्हणाली नाही. पिशवीतून आणलेली केळी तशीच माझ्या हातात राहिली. म्हटलं, चुकलो, परत ये.

म्हणाली, "मास्तर, उठवलं चार माणसांत, आणि बोलवायला एकटे आलात?"

खरं होतं. राग आला, गिळला. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला, कारखाना सुटतो तेव्हा, वळणावर उभं राहून पोरींच्या देखत म्हणालो, सुंदराबाईंना उठवलं ही माझी चूक, आजपासून त्यांनी इथेच बसावं. कान तापले होते. लता नावाच्या त्या पोरीने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही. (ही ओळ सोमवारी रात्री लिहिली. शनिवारची नोंद अर्धीच राहिली होती.)

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भीमराज हुशार पोरगा आहे, हे मला आधी कळायला काय झालं होतं? गाडीच्या डब्यातले दिवे एकशेदहा व्होल्टचे. घरी लावला की फट्‌दिशी उडतो, बाजारात कुणी विकत घेत नाही. दोन-दोन बल्ब एका तारेत जोडले की स्टेशनच्या विजेवर नीट चालतात. असे चोवीस लावले. जोडीतला एक गेला की दोन्ही विझतात, तेवढी कटकट. म्हणून दर जोडीला शेजारी दुसरी जोडी. तीन रात्री झाल्या, एकही बल्ब हललेला नाही.

सफाईवाल्याची पाळी सकाळची होती, ती संध्याकाळी पाच ते नऊ केली. झाडू मारायला वेळ कुठलाही चालतो, पण माणूस तिथे हवा तो संध्याकाळी. लसूणवाली आणि किल्लीवालाही परत आले. रुमालवाला मालाडला गेला म्हणे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आरसा लावला. वेटिंग रूममधला पुरुषभर उंचीचा जुना आरसा स्टोअरमध्ये धूळ खात पडला होता. वळणाच्या कोपऱ्यात तिरपा ठोकून घेतला. आता पश्चिमेकडून येणाऱ्याला पूर्वेचा जिना दिसतो आणि पूर्वेकडून येणाऱ्याला पश्चिमेचा. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना हलवली, त्याचा मेमो मिळेल तेव्हा मिळेल.

एक गंमत झाली जी माझ्या डोक्यातही नव्हती. आरसा म्हटल्यावर पोरी थांबतात. केस सारखे करतात, टिकली बघतात, सुंदराबाईकडून पीन घेतात. सहा वाजता वळणावर नेहमी आठ-दहा बायका. मी ज्याला गर्दी थबकते म्हणून शिव्या घालत होतो, तेच.

८ मार्च, शनिवार

वाट लागली. बायका आता बोलायला लागल्या आहेत. सुंदराबाईने सगळ्यांना सांगितलं की मास्तर ऐकून घेतात. रोज दोन-तीन जणी येतात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या चोऱ्या सांगतात. कुणाची पर्स, कुणाचं घड्याळ. काशीराम हवालदार म्हणाले, जुन्या तक्रारी लिहून काय मिळणार? वही फुगेल आणि साहेब वही बघूनच भिंत घालतील. दोनवरून आता एकोणीस झाल्यात.

काशीरामांचं म्हणणं चुकीचं नाही. वहीतला आकडा वाढला तर सबवे जाईल. आणि लिहिलं नाही तर पुन्हा सगळ्या गप्प बसतील.

रात्री जानकी म्हणाली, "माझी पण लिवा."

वीस. 'दिनांक १४ जानेवारी, सायं. ७ वा., सबवेच्या वळणावर, मंगळसूत्र.' पुढे नाव. लिहिताना अक्षर बिघडलं.

१९ मार्च, बुधवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकाने लताच्या गळ्याकडे मागून हात घातला. तिने आरशात बघितलं, खाली वाकली, सुंदराबाईने डब्याचं झाकण जमिनीवर आपटलं आणि किल्लीवाल्याने पाय आडवा घातला. पठ्ठ्या तोंडावर आपटला. काशीराम येईपर्यंत सात बायका त्याच्याभोवती उभ्या. हात कुणी लावला नाही, नुसत्या बघत होत्या. तो म्हणाला, पोलिसांना लवकर बोलवा.

संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या दक्षिण टोकाला जाऊन उभा राहिलो. सहा ते सात. रुळांवरून तीन जण गेले. फेब्रुवारीत शंभरावर होते. भोंगा एकदाच वाजला.

६ एप्रिल, रविवार

उद्या पाहणी. स्टाफने सल्ला दिला, एका दिवसापुरतं सुंदराबाईला हलवा, आरसा उतरवा, वही 'सापडत नाही' म्हणा. सगळेच करतात. खरं सांगायचं तर दुपारपर्यंत माझंही मन तेच सांगत होतं. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. सबवे वाचायला हवा, मग तो खोटं बोलून वाचला तर काय बिघडलं?

पण मग साहेब पाहतील तो रिकामा, पांढरा, मोकळा सबवे. जानेवारीतला माझा. तोच तर धोक्याचा होता.

काही हलवायचं नाही असं सांगून टाकलं. ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

७ एप्रिल, सोमवार

साहेबांना सकाळी यायचं होतं. मी विनंती केली, संध्याकाळी सहाला या. आले. उंच, कमी बोलणारे. सोबत दोन जण फायली घेऊन. बल्ब बघितले, आरशात बघितलं, सुंदराबाईकडे बघितलं. ती पिना मोजत राहिली, उठली नाही.

मग वही मागितली. तिथेच उभ्या उभ्या चाळली. म्हणाले, "मास्तर, तक्रारी कमी करायच्या होत्या. या तर वाढल्या. दोनाच्या बावीस?"

मी सांगितलं, की चोऱ्या जुन्या आहेत, लिहिल्या उशिरा. मार्चपासूनच्या फक्त दोन, त्यातल्या एकीत चोर पकडला. पूर्वी बायका लिहीतच नव्हत्या. जानेवारीत विक्रेत्यांना हटवलं ती चूक माझी, तीही अहवालात लिहिली आहे. साहेब म्हणाले, असं कुणीही म्हणेल. मला इथून जाणाऱ्या बाईकडून ऐकायचंय. आणि पूर्वेकडून पहिली जी बाई आली तिला त्यांनी हात करून थांबवलं.

जानकी होती. हातात मढच्या कोळिणीकडून घेतलेल्या बांगड्यांची पिशवी, वास मारत. मी डोळ्यांनी खुणावत होतो, जा म्हणून. तिने बघितलं आणि नाही बघितल्यासारखं केलं.

साहेबांनी विचारलं, बाई, या रस्त्याने यायला भीती वाटते का?

"पूर्वी वाटायची," ती म्हणाली. शुद्ध बोलत होती, साहेबांसाठी. "संक्रांतीला माझं मंगळसूत्र इथंच खेचलं. तेव्हाचा कारभार अगदी वाईट. वरचा माणूस कुणाचं ऐकायचा नाही. मग मी रुळांवरून जायची. आता इथून येते, अंधार पडला तरी. या बाई आहेत, दिवे आहेत. भिंत घातलीत तर आम्ही परत रुळांवर. मग आमचे मेमो लिहायला माणूस ठेवा."

साहेब म्हणाले, तुमचं पूर्ण नाव सांगा, वहीत आहे का बघतो.

झालं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनकार्डाच्या ऑफिसातही ती मला पुढे करते. क्षमावहिनींच्या हळदीकुंकवात नाव घ्यायला लावलं की उठून पळते. मी तोंड उघडणार, तोच साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना बाईकडूनच हवं होतं.

जानकीने पदर नीट केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"जानकी जयवंत तुळसकर," ती म्हणाली. वळणाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. बिघडलेल्या अक्षरातली ती ओळ सापडली. त्यांनी ती वाचली, मग माझ्या शर्टावरची नावाची पट्टी वाचली, मग परत ओळ. सुंदराबाई पिना मोजायची थांबली होती.

"वही खरी आहे," साहेब सोबतच्यांना म्हणाले. "भिंतीचं टेंडर रद्द करा. आरशाची परवानगी मागून घ्या, मास्तर, आणि या बाईंच्या बसण्याचीही." पश्चिमेच्या जिन्याकडे निघाले, मग वळून जानकीला म्हणाले, "वरच्या माणसाचं आता कसं आहे?"

"शिकतोय," ती म्हणाली.

ड्युटी संपल्यावर दोघं सबवेतूनच घरी आलो. मी तिला म्हटलं, परत एकदा घे ना नाव. म्हणाली, गप ऱ्हवा, बांगडे खराब होतले.